नांव, जागा आणि ओळख

सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुसरबीड नांवाचें गांव आहे. तालुका सिंदखेडराजा, जिल्हा बुलढाणा. या गांवाच्या नांवांत दुसऱ्या एका मोठ्या गांवाचें नांव दडलेलें आहे. पाकिटावरच्या पत्त्यावर पावसाचे दोन थेंब पडले आणि पहिलीं तीन अक्षरें पुसलीं गेलीं, तर मागें 'बीड' एवढेंच उरतें. आणि बीड हें तर मराठवाड्यांतील एका जिल्ह्याचें मुख्य ठिकाण. अशा वेळीं टपालाची वर्गवारी करणारा कारकून त्या अर्धवट नांवाशीं झगडत बसत नाहीं. तो पाकिटाच्या तळाशीं लिहिलेल्या सहा आंकड्यांकडे पाहतो. पहिले तीन आंकडे ४४३ असले तर पत्र बुलढाण्याच्या बाजूचें. ४३१ असले तर मराठवाड्याचें. पावसानें केलेली चूक आंकड्यांनीं दुरुस्त होते.

ही पिन कोडची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजीं अमलांत आली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार खात्याचे वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृत कवि म्हणूनही त्यांचा लौकिक होता. देशांत भाषा अनेक, लिपि अनेक, आणि एकाच नांवाचीं गांवेंही अनेक. तेव्हां केवळ नांवावर विसंबून एवढ्या मोठ्या देशाचें टपाल चालावयाचें नाहीं, हा विचार त्या योजनेच्या मुळाशीं होता.

टपाल खात्यापुढें जो प्रश्न होता, तोच आज घराघरांतील संगणकापुढें रोज उभा राहतो. संगणकाला माहिती सांठविण्याचीं निरनिराळीं साधनें जोडलेलीं असतात. एखादी हार्ड डिस्क पेटीच्या आंत कायमची बसविलेली असते, एखादी बाहेरून तारेनें जोडलेली असते, आणि एखादा पेनड्राइव्ह कोणीतरी खिशांतून काढून क्षणभरासाठीं खोंचलेला असतो. यांपैकीं कोणतें साधन कोणतें, हें यंत्राला कसें कळतें? आणि तें कळण्यांत चूक झाली, तर ती शोधावी कशी?

संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ती प्रत्येक साधनाशीं स्वतः बोलत नाहीं. त्या कामीं तिनें दुभाषे नेमलेले असतात. त्यांना ड्रायव्हर असें नांव आहे. नांव गाडीवानाचें असलें तरी काम दुभाष्याचें. साधनाची भाषा ऐकावयाची, तिचा अर्थ लावावयाचा आणि तो वर कळवावयाचा, एवढेंच त्याचें कर्तव्य. पण दुभाष्यानें एक शब्द चुकीचा ऐकला तर दोन शहाण्या माणसांतही कलह माजतो, हें जगाच्या अनुभवाचें आहे.

उदाहरणादाखल दुसरबीडसारख्या गांवांतील एका दुकानाची कल्पना करावी. दुकानदार लोकांचे अर्ज भरून देतो, सातबाराचे उतारे काढून देतो, लग्नसमारंभांचीं छायाचित्रें जपून ठेवतो. त्याच्या संगणकावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. लोकांचे सर्व कागद व चित्रें एका डिस्कवर आहेत. तितक्याच मापाची, त्याच कंपनीची दुसरी डिस्क केवळ नक्कल ठेवण्यासाठीं आहे. रोज रात्रीं दुकान बंद करतांना एक ठरीव आज्ञा चालते: 'एसडीए'वर जें कांहीं आहे, तें जसेंच्या तसें 'एसडीबी'वर उतरवावें. वर्षानुवर्षें हें सुरळीत चालतें. पुढें एके दिवशीं नकलेची डिस्क नादुरुस्त होते. दुकानदार तिच्या जागीं नवी, कोरी डिस्क बसवितो आणि रात्रीं नेहमींची आज्ञा देऊन घरीं जातो. सकाळीं पाहतो तों दोन्ही डिस्क सारख्याच कोऱ्या!

आज्ञेंत चूक नव्हती. डिस्कही बिघडलेली नव्हती. आज्ञा लिहिली गेली तेव्हां 'एसडीए' या नांवानें जी डिस्क ओळखली जात होती, ती त्या रात्रीं 'एसडीबी' झाली होती. यंत्रानें हुकमाची तामिली अक्षरशः केली, आणि कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरविली. गांवांतील अनेक घरांच्या आठवणी अशा रीतीनें एका अक्षराच्या फरकानें नाहींशा झाल्या.

हें अक्षर बदललें कसें? लिनक्समध्यें 'एसडी' या दोन अक्षरांपुढें जें तिसरें अक्षर येतें, तें डिस्कच्या अंगचें नसतें. जी डिस्क प्रथम सांपडली तिला 'ए', दुसरीला 'बी', तिसरीला 'सी', अशी ही वांटणी असते. वैद्याच्या दवाखान्यांत सकाळीं जो प्रथम येईल त्याला पहिल्या क्रमांकाचा बिल्ला मिळतो, तशांतलाच हा प्रकार. रोज तोच रोगी प्रथम येत असला, तरी बिल्ल्यावर त्याचें नांव कोरलेलें नसतें. त्यांतून अलीकडे वेळ वांचविण्यासाठीं साधनांचा शोध एकामागून एक न करतां बरोबरीनें केला जातो. मग जी डिस्क लवकर वेग घेऊन उत्तर देईल तिचा नंबर आधीं लागूं शकतो. जुनी, सरावलेली डिस्क किंचित् मंद निघाली आणि नवी चपळ निघाली, तर बिल्ल्यांची अदलाबदल होण्यास तेवढें पुरे होतें. तार दुसऱ्या खोबणींत बसली, तरीही तोच परिणाम होऊं शकतो.

पूर्वीं आयडीई पद्धतीच्या डिस्कना लिनक्स 'एचडीए', 'एचडीबी' अशीं नांवें देत असे आणि तीं नांवें बहुधा तारेवरील जागेवरून ठरत. पुढें नवा ड्रायव्हर आला. २००७ च्या सुमारास फेडोरासारख्या लिनक्सच्या आवृत्त्यांनीं त्याचा स्वीकार केला, तेव्हां एका रात्रींत असंख्य यंत्रांवरील 'एचडीए'चें 'एसडीए' झालें, आणि ज्यांनीं जुनें नांव आज्ञांत पक्कें लिहून ठेवलें होतें त्यांचीं यंत्रें सुरू होतांना अडूं लागलीं. जुने आयडीई ड्रायव्हर २०२१ मध्यें, ५.१४ या आवृत्तीपासून, लिनक्समधून काढून टाकण्यांत आले. नांवें यंत्राच्या सोयीनें बदलतात; माणसानें त्यांवर घर बांधूं नये.

तर मग डिस्कला तिचें स्वतःचें असें कांहीं नांव नाहींच काय? आहे, आणि तें विचारण्याची रीतही ठरलेली आहे. ड्रायव्हर डिस्कला 'आयडेंटिफाय डिव्हाइस' अशी आज्ञा देतो. म्हणजे 'तूं कोण तें सांग'. त्यावर डिस्क ५१२ बाइटांचें एक पत्रक पुढें करते. त्यांत प्रत्येकीं दोन बाइटांचे २५६ शब्द असतात. शून्यापासून मोजल्यास १० ते १९ या शब्दांत वीस अक्षरांचा अनुक्रमांक असतो, २३ ते २६ यांत डिस्कच्या आंतील आज्ञावलीची आवृत्ति, आणि २७ ते ४६ यांत चाळीस अक्षरांचें नमुन्याचें नांव. डिस्कवर किती माहिती मावते, तेंही पुढें दिलेलें असतें.

पत्रक इतकें व्यवस्थित असूनही तें वाचतांना ड्रायव्हर चुकूं शकतो. पहिली गंमत अक्षरांच्या क्रमाची. या पत्रकांतील नांवें जोडीजोडीनें लिहिलेलीं असतात आणि नेहमींचा संगणक तीं सरळ वाचावयास गेला, तर प्रत्येक जोडींतील अक्षरें उलटीं पडतात. 'दुसरबीड' हें नांव असें लिहिलें, तर 'दु' आणि 'स', 'र' आणि 'बी', 'ड' आणि एक रिकामी जागा अशा तीन जोड्या होतील; आणि जोड्या न उलटवितां वाचणाऱ्यास 'सदुबीर ड' असें कांहींतरी अगम्य ऐकूं येईल. त्या नांवाचें गांव बुलढाणा जिल्ह्यांतच काय, पृथ्वीच्या पाठीवर सांपडणार नाहीं. दुसरी गंमत रिकाम्या जागांची. नांव चाळीस अक्षरांहून लहान असलें तर उरलेली जागा कोऱ्या अक्षरांनीं भरतात. एका आज्ञावलीनें तीं कोरीं अक्षरें छाटलीं आणि दुसरीनें ठेवलीं, तर एकाच डिस्कचीं दोन नांवें तयार होतात; डोळ्यांना दोन्ही सारखींच दिसतात, पण यंत्र त्यांना भिन्न समजतें.

तिसरी चूक मापाची. पूर्वींच्या पद्धतींत डिस्कवरील जागांचे क्रमांक २८ बिटांत लिहीत. एका जागेंत ५१२ बाइट धरले, तर त्या हिशेबानें सुमारें १३७ गिगाबाइटपलीकडे मोजतांच येत नाहीं. पुढें ४८ बिटांचा क्रमांक आला आणि खरें माप पत्रकाच्या १०० ते १०३ या शब्दांत लिहिलें जाऊं लागलें. जो ड्रायव्हर जुनीच ओळ वाची, त्याला मोठी डिस्कही लहान दिसे. विंडोज एक्सपीच्या मूळ आवृत्तींत हीच उणीव होती. ती २००२ मधील पहिल्या सर्व्हिस पॅकनें दूर झाली. नांव बरोबर आणि माप चुकीचें, अशी ओळखही अपुरीच म्हटली पाहिजे.

याहून चमत्कारिक प्रकार पडछायेचा. जुन्या रुंद, चपट्या तारेवर दोन डिस्क जोडतां येत. एकीला मास्टर आणि दुसरीला स्लेव्ह म्हणत. कोणाशीं बोलावयाचें हें केवळ एका बिटावरून ठरे. कॅमेऱ्यांतील कार्डें या तारेला जोडण्याचीं कांहीं साधनें त्या बिटाकडे लक्षच देत नसत. मग मास्तरांनीं पहिला क्रमांक पुकारला कीं 'हजर', आणि दुसरा पुकारला कीं त्याच मुलाच्या तोंडून पुन्हां 'हजर', असा वर्ग भरे. ड्रायव्हरच्या दप्तरीं दोन डिस्कची नोंद होई, प्रत्यक्षांत एकच. लिनक्सच्या जुन्या आयडीई ड्रायव्हरमध्यें यावर तोड होती. दोघांचें नमुन्याचें नांव आणि अनुक्रमांक तंतोतंत जुळले, तर दुसरी ही पहिलीचीच छाया समजून ती सोडून द्यावी, अशी.

याच्या उलट, जेथें कोणीच नाहीं तेथें कोणीतरी असल्याचा भास होणें, हाही एक प्रकार आहे. रिकाम्या तारेवरून ड्रायव्हर स्थिति विचारूं लागला, तर कित्येकदां आठही बिटें 'एक' अशीं वाचलीं जातात. त्यांतील सर्वांत वरच्या बिटाचा अर्थ 'सध्यां कामांत आहे' असा ठरलेला. अजाण ड्रायव्हर त्या उत्तरावर विश्वास ठेवून वाट पाहत राहतो. ओस घराच्या दाराशीं पाहुण्यानें तिष्ठत उभें राहावें, तसा. आठही बिटें 'एक' आलीं तर घरांत कोणी नाहीं असें समजावें, हें शहाण्या ड्रायव्हरला आधींच शिकविलेलें असतें.

इतक्या ठिकाणीं चूक संभवते, तर ती शोधावी कोठून? येथें न्यायाधीशाची पद्धति उपयोगी पडते. साक्षीदार चार आहेत. पहिला साक्षीदार डिस्कच्या अंगावर चिकटविलेली छापील चिठ्ठी. तिच्यावर नमुना व अनुक्रमांक असतो. दुसरा साक्षीदार डिस्कचें स्वतःचें उत्तर. लिनक्सवर 'एचडीपार्म' ही आज्ञा तें पत्रक मागवून दाखविते. तिसरा साक्षीदार ड्रायव्हरची रोजनिशी. यंत्र सुरू होतांना त्यानें काय ऐकलें, तें 'डीमेसेज' या आज्ञेनें वाचतां येतें. चौथा साक्षीदार ऑपरेटिंग सिस्टिमनें अखेर दिलेलें नांव. तें 'एलएसबीएलके' सांगते. चौघांची साक्ष शेजारीं शेजारीं लिहून काढावी. जेथें पहिली विसंगति दिसेल, दोषाचा शोध तेथून सुरू करावा. चिठ्ठी आणि डिस्कचें उत्तर जुळतें, पण रोजनिशींत अक्षरें उलटीं आहेत, तर दोष ऐकणाऱ्याच्या कानांत. पहिल्या तिघांचें एकमत आहे, पण नांव रोज बदलतें, तर दोष कोणाचाच नाहीं. चूक आहे ती बिल्ल्याला नांव समजणाऱ्या माणसाची.

साक्षी जुळेनात, तर मग एकच गोष्ट बदलून पाहावी. डिस्क त्याच ठेवून तारांची अदलाबदल करावी. दोष डिस्कबरोबर गेला तर तो डिस्कचा. खोबणीपाशींच राहिला तर तार किंवा खोबण सदोष. एकाच वेळीं तार, डिस्क आणि आज्ञावली तिन्ही बदलणाऱ्याचें यंत्र कधीं कधीं सुरूही होतें. पण तें कशानें सुरू झालें हें त्याला कधींच कळत नाहीं, आणि पुढच्या वेळीं तो पुन्हां अंधारांतच चांचपडतो.

साक्षीदार खोटें बोलत नाहींत, असें मात्र समजूं नये. बाहेरून जोडावयाच्या यूएसबी साधनांच्या एका मूळ नियमांत असें सांगितलें आहे कीं, प्रत्येकाला किमान बारा आंकडी अनुक्रमांक असावा आणि शेवटचे बारा आंकडे त्या नमुन्यापुरते एकमेव असावेत. तरीही बाजारांत असे स्वस्त पेनड्राइव्ह मिळतात कीं ज्यांना अनुक्रमांकच नाहीं, किंवा एकाच घाण्यांतून निघालेल्या सगळ्यांना एकच अनुक्रमांक आहे. अनुक्रमांक नसलेलें साधन विंडोज खोबणीवरून ओळखतें. त्यामुळें तेंच साधन दुसऱ्या खोबणींत लाविलें कीं नवा पाहुणा आल्यासारखें त्याचें स्वागत होतें. शिवाय बाहेरच्या पेटींतील डिस्क आणि संगणक यांच्यामध्यें एक जोडणारी चिप असते. कांहीं चिपा डिस्कचा अनुक्रमांक पुढें न सांगतां स्वतःचाच सांगतात. तेव्हां पेटी बदलली कीं डिस्कची ओळखही बदलली, असा देखावा उभा राहतो.

ही अडचण ओळखूनच २००३ मध्यें ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं लिनक्ससाठीं 'यूडेव्ह' ही व्यवस्था पुढें आणली. तिच्यामुळें प्रत्येक डिस्कची नोंद निरनिराळ्या वह्यांत ठेवली जाते. एका वहींत ती कोणत्या खोबणींत बसली आहे याची नोंद. दुसरींत तिचा नमुना व अनुक्रमांक. तिसरींत तिच्यावर मांडलेल्या फाइलव्यवस्थेचा १२८ बिटांचा क्रमांक, ज्याला यूयूआयडी म्हणतात. पहिली वही घराचा नंबर सांगते, दुसरी माणसाची अंगखूण सांगते, तिसरी त्याच्या हातांतील कागदपत्रांचा क्रमांक सांगते.

यांपैकीं कोणती वही मानावी, हें कामावरून ठरतें. पुष्कळ जण तिसरीवर विसंबतात आणि रोजच्या कामाला ती योग्यही आहे; डिस्क कोणत्याही खोबणींत असो, कागद तेच राहतात. पण दुसरबीडच्या त्या कल्पित दुकानांत हीच वही घात करील. तेथें एक डिस्क जशीच्या तशी दुसरीवर उतरविली जाते. तेव्हां कागदांबरोबर कागदांचा क्रमांकही उतरतो, आणि दोन डिस्क एकच यूयूआयडी सांगूं लागतात. एक्सएफएस ही फाइलव्यवस्था अशा वेळीं दुसऱ्या प्रतीला दार उघडीत नाहीं. 'हा क्रमांक आधींच आंत आहे' असें सांगून ती अडते. अनेकांना हा अडथळा वाटतो, पण तो पहारेकऱ्याचा प्रामाणिकपणा आहे. अशा दुकानांत दुसरीच वही प्रमाण मानली पाहिजे, कारण नमुना आणि अनुक्रमांक नक्कल करतांना उतरत नाहींत.

म्हणून त्या दुकानदारानें आपली रात्रीची आज्ञा नव्यानें लिहावी. 'एसडीए' आणि 'एसडीबी' हीं नांवें तिच्यांतून काढून टाकावीं. मूळ डिस्कचा अनुक्रमांक आणि नकलेच्या डिस्कचा अनुक्रमांक पूर्ण लिहावा. प्रत उतरविण्यापूर्वीं दोन्ही जागेवर आहेत ना, त्यांचीं मापें अपेक्षेप्रमाणें आहेत ना, आणि मूळ डिस्कवर लोकांच्या कागदांची नेहमींची एखादी ठरलेली फाइल सांपडते ना, हें आज्ञेनेंच तपासावें. एक जरी गोष्ट जुळली नाहीं, तरी तिनें एक अक्षरही न लिहितां थांबावें आणि सकाळीं दुकानदाराला कारण सांगावें. नवी डिस्क आणली त्या रात्रीं अशी आज्ञा थांबली असती. दुकानदाराला थोडा त्रास झाला असता, आणि गांवाच्या आठवणी शाबूत राहिल्या असत्या.

वाचन कितीही वेळां करावें, त्यानें नुकसान होत नाहीं. लिहिणें व पुसणें मात्र एकदांच पुरतें. म्हणून विचारपूस करतांना यंत्रानें उदार असावें, आणि पुसावयाच्या वेळीं संशयी असावें. भिजलेल्या पाकिटावर 'बीड' एवढेंच वाचून जो कारकून तें ताबडतोब मराठवाड्याच्या थैलींत टाकतो, तो चपळ खरा. पण दुसरबीडच्या घरीं कोणीतरी त्या पत्राची वाट पाहत बसलेलें असतें. जो क्षणभर थांबून तळाचे सहा आंकडे पाहतो, त्याच्याच हातून तें पत्र घरीं पोंचतें.